बी.एस्सी. पहिल्या वर्षाला गणिताचा मदत-वर्ग काढलाय, पण मुलं येतच नाहीत

तासिकावाला:

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर गणित शिकवतो. यंदा 'रेमेडियल', म्हणजे मागं पडणाऱ्यांचा मदत-वर्ग, माझ्या गळ्यात पडलं. ग्रंथालयाशेजारची खोली, एक फळा, थोडी बाकं आणि हजेरीवही, एवढा संसार. नेहमीच्या रीतीनं ऑफिसनं बारावीला गणितात कमी गुण असलेल्यांची यादी काढून नोटीस बोर्डावर लावली आणि खाली वेळ टाकली, दुपारी चार. एक मुलगा आला. त्यानं वायफायचा पासवर्ड विचारला आणि गेला.

नॅकच्या, म्हणजे कॉलेजला दर्जा देणाऱ्या समितीच्या, फाइलला फोटो लागतो तेवढा काढून गप्प बसता येईल. पण वर्गात गेलं की गप्प बसवत नाही. परवा लिनिअर डिफरन्शियल इक्वेशन घेत होतो. डीवाय बाय डीएक्स अधिक वाय बाय एक्स बरोबर एक्स वर्ग. इंटिग्रेटिंग फॅक्टर, म्हणजे ज्यानं गुणलं की समीकरण सुटतं ते पद, काढायचा, तर 'ई चा घात लॉग एक्स' इथपर्यंत निम्मा वर्ग बरोबर येतो आणि तिथं गाडी थांबते. त्याची किंमत सरळ एक्स, हे कोणी म्हणत नाही. एकानं ते तसंच्या तसं शेवटच्या ओळीपर्यंत ओढत नेलं. दुसऱ्यानं ई आणि लॉग कापले, एक्स उरला, उत्तर बरोबर. का कापलं विचारलं तर म्हणाला, "सर, कापतात ना." म्हणजे अडलंय ते डिफरन्शियल इक्वेशनमध्ये नाही. लॉग अकरावीतच सीईटीच्या घाईत निसटलाय. बेरजेचं वर्गमूळ म्हणजे वर्गमुळांची बेरीज, अपूर्णांकात वरखाली दिसेल तो एक्स कापायचा, हे तर रोजचंच. केमिस्ट्रीवाले म्हणतात त्यांच्याकडं मोलची, म्हणजे पदार्थ मोजायच्या एककाची, हीच गत.

मुलं कोण, तेही सांगतो. काही अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याहून एसटीनं येतात. शहरातली बरीच पूर्व भागातली. घरी तेलुगू, शाळा मराठी, आणि अकरावीपासून सायन्स एकदम इंग्रजीत. वडील टॉवेलच्या कारखान्यात, आई विड्या वळते. नीट किंवा सीईटी हुकल्यामुळं 'तात्पुरतं' बी.एस्सी.ला आलेलीही पुष्कळ. डोकं नाही म्हणावं तर अजिबात तसं नाही. कारखान्याचा हिशोब तोंडी करणारी पोरं आहेत.

तर विचारायचं हे की मुलं येतील असं काय करावं? वेळ कोणती ठेवावी, सीनियर मुलांना शिकवायला बसवावं का, बसवलं तर त्यांना काय द्यावं? अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत सायन्स-गणिताच्या मुलांसाठी म्हणे अशी केंद्रंच असतात. कोणी आतून पाहिलंय का?

विजापूर_वेस:

फुकटची डोकेफोड, मास्तर. मागच्या पाच वर्षांचे पेपर झेरॉक्स करून द्या, त्यातलेच फिरून येतात. पोरं पास, प्राचार्य खूश, तुम्ही घरी.

तासिकावाला:

पेपर देतोच आहे. ज्या वर्षी प्रश्नात एक्सच्या जागी टी आला त्या वर्षी काय झालं ते विचारू नका.

कडक_भाकरी:

सर, मी तुमच्या कॉलेजचा हाय का नाही ते सांगत नाही, पण यादी आमच्याकडं बी लागती. सेकंड इयरला हाय, मॅथ्स मेजर. फर्स्ट इयरला माझं नाव त्या यादीत होतं. बोर्ड कुठं, तर कँटीनला जायच्या वाटंवर. जो जातंय तो वाचतंय. "काय बे, ढ वर्गात नाव आलंय की तुझं!" हे ऐकल्यावर कोण येणाराय त्या खोलीत? शिकायची इच्छा नव्हती असं नव्हतं. त्या दारातनं आत जाताना कोण बघितलं तर, एवढंच डोक्यात.

दुसरं, चार वाजता कोण थांबतंय सर? माझं सांगतो. सकाळी लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, साडेचारला मी मेडिकलवर उभा असतो अशोक चौकाकडं, शटर पडंपर्यंत. गावाकडनं येणाऱ्यांना स्टँड गाठायचं असतंय, ती एसटी गेली की पुढची उभ्यानं. आणि आमच्या गल्लीत नळाला पाणी काही दिवसांआड येतंय. ज्या दिवशी नळ, त्या दिवशी बहीण कॉलेजलाच जात नाही. बॅरल, घागरी, टाकी, सगळं तीच भरती. तुमच्या हजेरीत ती नुसती 'गैरहजर'.

मग मी पास कसा झालो? थर्ड इयरची एक ताई हाय. प्रॅक्टिकल संपल्यावर जर्नल सर्टिफाय करायला आम्ही सगळे बाहेर रांगेत थांबायचो, तिथं तिला विचारायचो. सबस्टिट्यूशनचं इंटिग्रेशन मला त्या रांगेत कळलं. ती कधी "हे पण येत नाही का" म्हणाली नाही. सर लोक म्हणत्यात. तुम्ही म्हणत नसाल.

अजून एक. सरांना विचारायला काय विचारायचं ते तर कळायला पाहिजे ना? "डाउट काय हाय?" म्हटलं की मी गप्प. डाउट सगळाच होता.

साखरपेठेतली:

'डाउट सगळाच होता' हे वाक्य मी आमच्या सेंटरच्या भिंतीवर लावणार आहे. कडक भाकरी, जमलं तर त्या ताईला इथं घेऊन ये रे.

मी साखर पेठेत वाढले, बी.एस्सी. सोलापुरातच केलं, सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ 2004 साली झालं त्याच्या आधी, म्हणजे आमच्या मार्कशीटवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं नाव. आता कॅलिफोर्नियात एका कम्युनिटी कॉलेजच्या ट्युटरिंग सेंटरमध्ये गणिताचे ट्युटर सांभाळते. त्यामुळं आतून पाहिलंय का या प्रश्नाला, हो.

अमेरिका म्हटलं की काचेच्या इमारती डोळ्यांपुढं येतात, त्या आधी बाजूला ठेवा. कम्युनिटी कॉलेजला प्रवेश सगळ्यांना खुला. पहिली दोन वर्षं इथं काढून मोठ्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर व्हायचं, नाहीतर कामाचं एखादं प्रमाणपत्र घ्यायचं. आमच्या राज्यात रहिवाशाला फी युनिटमागं, म्हणजे क्रेडिटमागं, 46 डॉलर, आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तीही माफ होते. माझ्या टेबलाशी गोदामातली रात्रपाळी संपवून आलेला बाप्या, शेतमजुराची लेक आणि पोराला शाळेत सोडून आलेली आई शेजारीशेजारी बसतात. घरी स्पॅनिश, कॉलेजात इंग्रजी. बस चुकायची धास्ती त्यांनाही आहे. तुमच्या पूर्व भागाशी याचं फार अंतर नाही.

आता यादी. 1973 साली मिसुरी युनिव्हर्सिटीच्या कॅन्सस सिटी कॅम्पसवर डिआना मार्टिन यांनी सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन नावाची पद्धत बसवली. सुरुवात वैद्यकीय, दंतवैद्यकीय अशा अभ्यासक्रमांतल्या मुलांपासून झाली, पुढं ती देशोदेशी गेली. तिची मेख अशी की कच्चा विद्यार्थी शोधायचाच नाही, अवघड विषय शोधायचा. ज्या विषयात 30 टक्के किंवा त्याहून जास्त मुलं नापास होतात, काठावर लोंबकळतात किंवा मधूनच विषय सोडतात, त्या विषयाला जादा सत्र जोडायचं आणि ते अख्ख्या वर्गाला खुलं ठेवायचं. पहिला नंबरवालाही तिथं येतो, कारण त्याला पैकीच्या पैकी हवे असतात. मग दारातून आत शिरणाऱ्याकडं बघून कोणाला काही ओळखता येत नाही. नॅकसाठी स्लो लर्नर, अॅडव्हान्स्ड लर्नर अशा याद्या कराव्या लागत असतील तर त्या कपाटात ठेवा. बोर्डावर त्यांचं काय काम?

सत्र घेतो तो आदल्या वर्षी तोच पेपर चांगला पास झालेला विद्यार्थी. तो तुमच्या तासाला पुन्हा येऊन बसतो, नोट्स काढतो. त्यामुळं मंगळवारी तुम्ही फळ्यावर काय लिहिलं, कुठं घाईत दोन ओळी गाळल्या, हे त्याला ठाऊक असतं. आणि सत्रात त्यानं व्याख्यान द्यायचं नाही, हा कडक नियम. मुलांना एकमेकांकडं वळवायचं. अवघड आहे हे. चांगल्या मुलाला समजावून सांगायची खाज असते.

आमच्याकडं ट्युटरला आधी प्रशिक्षण लागतं. अमेरिकेत सर्वत्र चालणारं एक प्रमाणपत्र आहे, त्याच्या पहिल्या पातळीला किमान 10 तासांचं प्रशिक्षण आणि 25 तासांची प्रत्यक्ष शिकवणी मागतात. त्यात मी दोनच गोष्टी डोक्यात बसवते. पेन विद्यार्थ्याच्या हातात राहील, तुझ्या नाही. आणि 'समजलं का?' हा प्रश्न बंद, कारण त्याचं उत्तर जगभर 'हो' असंच येतं. त्याऐवजी विचारायचं, "आता पुढची ओळ कोणती लिहिशील?" डाउट कुठं आहे ते कडक भाकरीसारख्याला सांगता येत नसलं तरी पुढची ओळ लिहिताना पेन जिथं थांबतं तिथं तो आपसूक सापडतो.

बर्कली विद्यापीठातलं युरी ट्राइसमन यांचं कामही बघा. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी कॅल्क्युलसमध्ये मागं पडणारी कृष्णवर्णीय मुलं आणि चांगलं करणारी चिनी वंशाची मुलं यांच्यामागं राहून त्यांचा अभ्यास कसा चालतो ते पाहिलं. मागं पडणारी मुलं आळशी, घरचं वातावरण नाही, असं आधी सगळे धरून चालले होते. ते काही निघालं नाही. सांगितलेले तास मागं पडणारी मुलंही घालत होती. पण चिनी मुलं एकट्यानं करून झालं की एकत्र बसून उत्तरं ताडून बघायची, चुका एकमेकांच्या पकडायची. दुसरी मुलं शेवटपर्यंत एकटी, आणि आपलं नेमकं काय चुकतंय हे त्यांना परीक्षेच्या निकालातूनच कळायचं. मग ट्राइसमननी वर्कशॉप काढली ती 'कच्च्यांसाठी' नाही. उलट वर्गापेक्षा अवघड गणितं, गटात बसून. आणि ती मुलं वर आली.

राहिला प्रश्न आधी पाया पक्का करून घ्यावा का. हा प्रयोग आमच्या राज्यानं वर्षानुवर्षं केला. प्लेसमेंट टेस्ट घ्यायची आणि मुलाला अंकगणित, मग सुरुवातीचं बीजगणित, मग मधलं बीजगणित अशा पायऱ्यांवर बसवायचं. त्या पायऱ्या ट्रान्सफरला धरत नसत, आणि प्रत्येक पायरीवर काही मुलं गळत. शेवटपर्यंत पोचणारे थोडेच. 2017च्या एबी 705 कायद्यानं हे बहुतेक मोडीत काढलं. शाळेतले गुण बघून मुलाला सरळ ट्रान्सफरच्या विषयाला बसवा, आणि आधार लागेल त्याला त्याच सत्रात, त्याच विषयाला जोडून जादा तास द्या. याला कोरिक्विझिट म्हणतात. 2022च्या एबी 1705नं तेच पुढं रेटलं, आणि सायन्स-इंजिनिअरिंगच्या मुलांना थेट कॅल्क्युलसला घालावं का यावरून गणित विभागांत अजून हमरीतुमरी चालते. माझं मत विचाराल तर कायदा थोडा उतावळा आहे, पण दिशा बरोबर आहे. सर, लॉगचा वेगळा महिना घेऊ नका. जुलैत शिकवलेला लॉग दिवाळीपर्यंत टिकत नाही. ज्या दिवशी इंटिग्रेटिंग फॅक्टर अडला त्याच दिवशी, त्याच फळ्यावर, वीस मिनिटं लॉग.

एक मात्र कबूल करायला हवं. इथल्या ट्युटरला तासावर पगार मिळतो, खोली दिवसभर उघडी असते, माझ्यासारखी एक बाई फक्त हेच बघायला नेमलेली असते. ते सोलापुरात कुठून आणायचं, ते तिथल्यांनी सांगावं.

निवृत्त_फिजिक्स:

साखरपेठेतल्या ताईंनी छान लिहिलंय. माझा मात्र एक आक्षेप आहे, नंतर एक उपाय सांगतो.

'अख्ख्या वर्गाला खुलं' ठेवलं की आपल्याकडं खोली हुशारांनी भरते. हे मी फिजिक्सला पाहिलंय. जॅमची, म्हणजे आयआयटीतल्या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेची, तयारी करणारी पहिल्या बाकावर बसतात, तेच प्रश्न विचारतात, आणि ज्याच्यासाठी मांडव घातला तो दारातूनच परत. यादी नको, कबूल. पण खुलं ठेवूनही भागत नाही.

मुलं सक्तीनं हजर असतात, हातात काम असतं आणि सगळी एकदम अडलेली असतात अशी कॉलेजात एकच जागा, प्रॅक्टिकल. तिथं बॅच छोटी असते. एसटी, नळ, मेडिकल काही असलं तरी प्रॅक्टिकल सहसा कोणी बुडवत नाही, कारण जर्नलवर सही लागते. कडक भाकरीला सबस्टिट्यूशन कुठं कळलं? प्रॅक्टिकलबाहेरच्या रांगेत. मग मदतनीस त्या रांगेतून उचला आणि आत आणा. गणितालाही आता प्रॅक्टिकल पेपर असतो ना? त्या बॅचमध्ये तिसऱ्या वर्षाची दोन मुलं बाकांमधून फिरू द्या. खोली नको, वेळ नको, नोटीस नको.

माझ्या लॅबमध्ये मी पेंड्युलमच्या प्रयोगाला हेच करायचो. टी म्हणजे एका झोक्याचा वेळ; टी वर्ग विरुद्ध लांबी असा आलेख, त्याच्या चढावरून जी, म्हणजे गुरुत्वत्वरण, काढायचा. मुलं आलेख सुबक काढत, पण चढ काढताना दोन बिंदू घेत ते तक्त्यातले, रेषेवरचे नाहीत. लांबी सेंटिमीटरमध्ये, जी मीटरमध्ये, आणि उत्तर येई 980 च्या आसपास, त्याखाली एकक मीटर प्रति सेकंद वर्ग! आता चंद्रावर नाही, सूर्याच्याही पृष्ठभागावर एवढा जी नाही हो, तिथं 274 आहे. सीनियर मुलगा हे हसत सांगू शकतो. मी सांगितलं की मुलगा खोडरबर काढून 9.8 लिहून टाकायचा, बस्स.

सीनियर निवडताना पहिल्या नंबरचा घेऊ नका. त्याला सगळं आपोआप आलेलं असतं, दुसऱ्याला का येत नाही ते त्याला समजत नाही. एटीकेटी लागून मग सुटलेला घ्या. आणि दोघांपैकी एक मुलगी असू द्या, नाहीतर मागच्या बाकावरच्या मुली हात वर करणार नाहीत.

पैशाचं म्हणाल तर ज्या कॉलेजात 'कमवा व शिका' चालू आहे तिथं मुलं ग्रंथालयात पुस्तकं लावतात, बागेला पाणी घालतात, लॅब पुसतात. बाकांमधून फिरून गणित सांगणं हेही कामच आहे. प्राचार्यांना लेखी विचारा, तोंडी विचाराल तर 'बघू' म्हणतील. तासिकावाले सर, तुमच्या स्वतःच्या तासांचंही लेखी घ्या. झालेल्या व्याख्यानालाच पैसे हा तुमचा करार असेल तर रेमेडियल फुकटात जाईल. हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला दिसतंय.

विजापूर_वेस:

फिजिक्सवाले सर, सूर्याचा आकडा तोंडपाठ! मानलं. झेरॉक्सवाला मुद्दा मी मागं घेतो, अर्धा.

तासिकावाला:

सर, दिसायचं ते बरोबर दिसलं तुम्हाला. उद्या अर्ज देतो, दोन्ही गोष्टींचा.

प्रॅक्टिकलची कल्पना घेतोच. आमच्याकडं पहिल्या वर्षाच्या बॅच साडेबारानंतर असतात, म्हणजे सगळ्यांना सोयीचं. नोटीसवरचं 'रेमेडियल' हे नाव काढून टाकतो. यादी बोर्डावरून उतरवायला ऑफिसला सांगितलंय, ते म्हणतात पुढची येईपर्यंत राहू द्या. मीच उतरवीन. गड्ड्याच्या जत्रेच्या आधी निदान लॉग, अपूर्णांक आणि त्रिकोणमितीची सूत्रं एवढं तरी फिरून व्हावं; जत्रेत पाळणे लागले की मग फेब्रुवारीच.

ताई, एक विचारतो. तुम्ही म्हणता वीस मिनिटं लॉग, व्याख्यान न देता. ते प्रत्यक्षात कसं? मी सुरू केलं की नियम क्रमांक एक, नियम क्रमांक दोन, असंच तोंडातून येतं.

साखरपेठेतली:

नियम पुसून टाका. फळ्यावर लिहा, दोनाचा कितवा घात आठ? तीन म्हणतील. त्याच्या शेजारी लिहा, दोन पायाचा आठचा लॉग बरोबर तीन. बोलू नका. तीनाचा कितवा घात एक्याऐंशी? चार. पुन्हा शेजारी लॉगच्या भाषेत लिहायला त्यांनाच लावा. चारपाच झाली की लॉग म्हणजे उत्तर नसून 'कितवा घात?' हा प्रश्न आहे, हे त्यांच्या लक्षात येतं.

मग विचारा, दोनाचा कितवा घात पाच? इथं शांतता. कोणी कॅल्क्युलेटर काढेल, काढू नका म्हणा. दोनापेक्षा थोडा जास्त, तीनपेक्षा कमी, एवढं ते सांगतील. म्हणा, असेना का कितीही, त्याला आपण 'दोन पायाचा पाचचा लॉग' म्हणू. आता तोच घात दोनाला दिला तर काय येईल? एखादी मुलगी हळूच म्हणेल, "पाचच की." तिला परत मोठ्यानं सांगायला लावा, शेजारणीला पटवून द्यायला लावा. त्यानंतर दोनाच्या जागी ई आणि पाचाच्या जागी एक्स लिहिलं की तुमचा इंटिग्रेटिंग फॅक्टर सुटतो, कापाकापी न करता. एक्स धन धरलाय, हे कोपऱ्यात लिहून ठेवा.

पण तिथं थांबलात तर पुढच्या गणिताला परत पडतील. लगेच द्या, ई चा घात दोन लॉग एक्स. वर्ग एका सुरात 'दोन एक्स' म्हणेल. उत्तर एक्स वर्ग. का, ते तुम्ही सांगू नका. एक्सच्या जागी तीन घालून दोघादोघांत भांडू द्या. मग ई चा घात उणे लॉग एक्स. 'उणे एक्स' येईल, खरं एक छेद एक्स. मग ई चा घात लॉग एक्स अधिक तीन. हे तिन्ही तुमच्या डिफरन्शियल इक्वेशनच्या प्रकरणात वाय बाय एक्सच्या मागचा सहगुणक आणि चिन्ह बदललं की येतातच, शेवटचं सोडून. ते मी खोडी म्हणून घालते. सगळं उरकलं की त्यांना परवाच्या गणिताकडं परत न्या, एक्स वाय बरोबर एक्सचा चौथा घात भागिले चार अधिक सी, इथपर्यंत त्यांच्याच हातानं.

ट्राइसमनची आठवण ठेवून शेवटचा प्रश्न विद्यापीठाच्या पेपरापेक्षा अवघड असू द्या. सोपीच गणितं दिली की मुलांना कळतं आपल्याला काय समजलं गेलंय ते.

कडक_भाकरी:

ताईला लिंक पाठवलोय. ती म्हणली, "मी मोबाइलवर एवढं मोठं लिहीत नाही, पण फिरायला लावलं तर फिरते." आणि सर, एटीकेटीवाला पाहिजे म्हणलात म्हणून सांगतो, माझी एक लागली होती फर्स्ट इयरला, सुटली. मेडिकलचा मालक साडेचारनंतर सोडत नाही, पण साडेबारा ते अडीच मी कॉलेजातच असतो. ई चा घात दोन लॉग एक्स मी बी आत्ता दोन एक्सच म्हणलो होतो, ते आधी करून बघतो.

ब्युरेट:

केमिस्ट्रीच्या लॅबमधून. तासिकावाल्यांनी मोलचं नाव काढलं म्हणून. प्रॅक्टिकलमध्ये मदतनीस हा प्रकार आमच्याकडं गणितापेक्षा सोपा जाईल, कारण आमची चूक वजनकाट्यावर दिसते. 0.1 मोलर, म्हणजे लिटरला 0.1 मोल, सोडियम हायड्रॉक्साइड, 250 मिलिलिटर करायचं. मोलर मास, म्हणजे एका मोलचं वजन, 40 ग्रॅम. निम्मी बॅच 4 ग्रॅम मोजते, कारण लिटरचं गणित पाठ आहे. लागतो 1 ग्रॅम. मदतनिसाला मी काट्याशेजारी उभं करणार आणि त्याला एकच वाक्य देणार, "हे किती लिटरचं वजन झालं?" बाकी त्यानं तोंड उघडायचं नाही. एक ग्रॅम बरोबर मोजला तरी द्रावण तंतोतंत 0.1 मोलर होत नाही, हा पुढच्या आठवड्याचा प्रश्न. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढतात, म्हणून तर ऑक्झॅलिक आम्लाविरुद्ध टायट्रेशन करून खरी तीव्रता काढायची असते. हा प्रयोग का करायचा ते बऱ्याच मुलांना तिसऱ्या वर्षापर्यंत कळत नाही, जर्नलमध्ये मात्र दरवर्षी उतरवतात.

आमच्याकडं चालू काटे दोनच आहेत, रांग लागते. गणित रांगेतच करून घेता येईल. तासिकावाले सर, तुमच्या अर्जात केमिस्ट्रीचेही दोन मदतनीस घाला, वेगळा अर्ज केला तर तो वेगळ्या फाइलला जाईल.